उलट्या टेपवरचं गाणं

गाण्याच्या फिल्ममध्ये कुणाला थंडी वाजत नाही. ऑक्टोबर सरत आलेला असो, समोर समुद्र पिसाळलेला असो, बाईच्या अंगावर पातळ पांढरा झगाच असणार आणि ती क्षितिजाकडे टक लावून बघत असणार, जसं काही तिकडून कुणी तिच्यासाठी गरम सूप घेऊन निघालं आहे. विबेकेला मात्र थंडी वाजत होती आणि ती तसं स्वच्छ सांगत होती. झगा घोट्यापर्यंत होता म्हणून निभावलं. आत तिनं लोकरीची विजार चढवली होती आणि विजारीवर वडिलांचे होडीवर घालायचे जाड मोजे.

फिल्म करणारा उफे कोपनहेगनहून आला होता. आधी तो साबणाच्या जाहिराती करायचा. आता टीव्हीवर दर शुक्रवारी गाणी दाखवायला लागले होते आणि फिल्म नसलेलं गाणं कुणी दाखवेना, त्यामुळे उफेसारख्यांना बरे दिवस आले होते. त्याचे नियम ठरलेले. केस उडाले पाहिजेत. एखादा पडदा फडफडला पाहिजे. थोडा धूर हवा. जोडीतली बाई गाते, आणि दुसरा तिच्या मागे उभा राहून, अजिबात न हसता, कुठल्याही वायरला न जोडलेल्या कीबोर्डवर दोन बोटं ठेवतो. विबेकेच्या जोडीतला दुसरा म्हणजे तिचा धाकटा भाऊ आस्गर. गाणी तोच लिहायचा, चाली तोच बांधायचा, आणि आजवरच्या दोन फिल्ममध्ये मिळून त्याच्या वाट्याला चार पट्ट्या आल्या होत्या.

उफेनं वाऱ्यासाठी भलामोठा पंखासुद्धा आणला होता. तोही या किनाऱ्यावर, जिथे झाडं जन्मभर एकाच बाजूला वाकून उभी असतात. होड्या वाळूवर ओढून ठेवणारे कोळी तो पंखा बघायला मुद्दाम आले.

"घरून वारा आणलास होय रे?" एका म्हाताऱ्या कोळ्यानं विचारलं.

"तुमचा वारा केस तोंडावर टाकतो," उफे म्हणाला. "मला मागे टाकणारा पाहिजे."

"मग तिचं तोंड फिरव की," म्हातारा म्हणाला आणि आपल्या होडीकडे निघून गेला. धुराच्या यंत्राचीही तीच गत झाली. धूर बाहेर पडायचा आणि कुणी डोळ्यांनी बघायच्या आत स्वीडनच्या वाटेला लागायचा.

एवढं सगळं करून या वेळी उफेच्या डोक्यात आणखी एक खूळ होतं. फिल्म उलटी घ्यायची. म्हणजे कॅमेऱ्यासमोर सगळं शेवटाकडून सुरुवातीकडे घडणार, आणि मग रीळ उलटं चालवलं की पडद्यावर सुरुवातीकडून शेवटाकडे दिसणार. लाटा किनाऱ्यावरून समुद्रात परत जाणार, पक्षी शेपटीकडे उडणार, आणि या साऱ्या उलट्या गंगेत एकटी विबेके सरळ गाणार. त्यासाठी तिनं ओठ उलटे हलवायचे. गाणं टेपवर उलटं उतरवून घेतलं होतं, ते कर्ण्यातून मोठ्यानं वाजायचं आणि विबेकेनं शब्दाला शब्द त्याच्याबरोबर जायचं. ती भाषा कुठल्याच देशाची नव्हती. श्वास आत ओढत कुणी रागावून बोलावं, तसं काहीतरी ते ऐकू यायचं. तीन आठवडे स्वयंपाकघरात बटाटे सोलताना तिनं ते पाठ केलं होतं.

गाण्याचं नाव 'दार लोटलंय'. म्हणून वाळूत एक दार रोवलं होतं, नुसतं दार, चौकटीसकट. घर नाही, भिंत नाही. फिल्ममध्ये विबेके त्या दारात एकटी उभी राहून गाणार, मग दूरच्या वाळूच्या टेकाडावर हातात सामान घेतलेला आस्गर दिसणार, तो तिच्याकडे चालत येणार, तिचा चेहरा हळूहळू उजळणार, आणि शेवटच्या ओळीला दोघं एकमेकांना मिठी मारणार. प्रत्यक्षात मात्र मिठी आधी. मग आस्गरनं तिच्याकडे बघत, उलट्या पावलांनी, टेकाडापर्यंत आणि टेकाडापलीकडे जायचं. फिल्ममध्ये तो यावा म्हणून समुद्रकिनाऱ्यावर त्यानं जायचं.

आणि तो खरंच जाणार होता. सप्टेंबरमध्येच त्यानं सांगितलं होतं, जेवताना, मधेच, पावावर यकृताची चटणी फासत फासत. ग्रीनलंडमधल्या एका गावच्या शाळेत मुलांना संगीत शिकवायला मास्तर हवा होता. तिथला समुद्र गोठायच्या आत आल्बोर्गहून सामान घेऊन जाणारं शेवटचं जहाज शुक्रवारी सकाळी सुटत होतं आणि त्यात त्याला जागा मिळाली होती.

"आणि गाणी?" विबेकेनं विचारलं होतं.

"गाणी पुष्कळ झाली गं. आता जरा मुलांचा बेसूर ऐकतो."

"आणि मी?"

त्यानं सुरी पुसून खाली ठेवली. शेवटी म्हणाला, "ही फिल्म होईपर्यंत आहे मी. फिल्म पुरी झाल्याशिवाय जात नाही, झालं?"

त्याच्या तोंडून हे निघालं आणि विबेकेनं ते पदरात बांधून घेतलं. फिल्म सोमवारी एका दिवसात व्हायची होती. आज गुरुवार होता.

सोमवारी ती धृपदात अडखळली. मंगळवारी दुसऱ्या कडव्यात. बुधवारी तिसऱ्या कडव्याच्या शेवटी, म्हणजे उलट्या टेपवर अगदी सुरुवातीला, दहा सेकंदही झाली नसताना. दर वेळी ती हात वर करून म्हणायची, "माझं चुकलं. आणखी एकदा घेऊ," आणि सगळे उसासे टाकायचे. उफेला फिल्म न कापता एका दमात हवी होती, साडेतीन मिनिटांचं एकच सलग दृश्य, त्यामुळे एक शब्द चुकला की सगळंच मातीत. शिवाय उजेड त्याला दुपारी साडेतीननंतरचाच पाहिजे होता, तिरपा आणि पिवळा, म्हणून दिवसाला दोन किंवा फार तर तीन वेळा घेता यायचं, मग अंधारून यायचं. उफे टेकाडाशेजारी शिडीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायचा आणि दर संध्याकाळी खाली उतरताना वयानं थोडा मोठा दिसायचा.

प्रत्येक फसलेल्या खेपेनंतर वाळू साफ करायला लागायची. पडद्यावर शेवटी वाळू कोरी दिसायला हवी, म्हणजे सुरुवातीला इथे ती कोरी असायला हवी. ते काम आस्गरनं स्वतःहून घेतलं होतं. बागेतलं लांब दाताळं घेऊन तो टेकाडापासून दारापर्यंत आपलीच पावलं पुसत यायचा, सावकाश, तक्रार न करता, मधूनमधून शीळ घालत. ते बघताना विबेकेला स्वतःची लाज वाटायची. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती आणि ती रोज जिंकत होती.

भीती काही गाण्यांची नव्हती. ती तसं स्वतःला सांगून बघायची, की चाली बांधणारा गेला तर मी काय गाऊ, पण ते खरं नव्हतं. आई गेली तेव्हा आस्गर नऊ वर्षांचा होता आणि ती सतरा. वडील होडीवर असायचे आणि घरी असले तरी होडीवरच असल्यासारखे असायचे. त्या दिवसापासून सतरा वर्षं ती सकाळी उठली ती आस्गरसाठी. त्याचा डबा, त्याचे मोजे, त्याचा पहिला कीबोर्ड, मग त्याची गाणी, बंदरावरच्या सभागृहात दोघांनी मिळून वाजवणं, मग रेकॉर्ड. तो गेल्यावर सकाळी कशासाठी उठायचं हे तिला माहीत नव्हतं. तिला तो हवा होता, एवढंच. बाकी सगळी सबब होती.

गुरुवारी सकाळी खानावळीत ती कॉफी घेत बसली होती, तेव्हा रिग्मोर समोर येऊन बसली. रिग्मोर आवाजाची बाई. टेप लावणं, टेप थांबवणं, एवढंच तिचं काम. साठीची होती, रेडिओवर तीस वर्षं काढली होती, आणि तिला बोलायची हौस नव्हती, त्यामुळे ती बोलली की लोक ऐकायचे. तिनं काळ्या पावाच्या तुकड्यावर धुरी दिलेला बांगडा ठेवला, काटा काढला आणि म्हणाली,

"तुला गाणं पाठ आहे."

"असतं तर चुकले असते का?"

"तेच सांगते. ज्याला येत नाही ना, तो रोज एकाच ठिकाणी ठेचकाळतो. तू रोज नवी जागा शोधून काढतेस. सोमवारी धृपद, काल तिसरं कडवं. एकदा चुकलीस तिथे पुन्हा कधी चुकत नाहीस. मी तीस वर्षं उलट्या टेपा ऐकल्यात बाई."

विबेकेनं कपातली कॉफी ढवळली. साखर घातलीच नव्हती.

"टेप खरखरते मधे," ती म्हणाली.

"नाचता येईना त्याला अंगण वाकडं, ते समजतं मला. तुला नाचता येतंय आणि तू अंगणाला नावं ठेवतेस." रिग्मोरनं घास चावून संपवला. "मी उफेला सांगायची नाही. तो माझा प्रश्न नाही. जहाज कधी सुटतंय?"

"उद्या सकाळी."

"आणि इथून बस?"

"सव्वाचारला. टेकाडामागच्या रस्त्यावरून."

"म्हणजे आज चुकलीस की काम फत्ते."

विबेकेनं चमचा बशीत ठेवला. रिग्मोरनं रुमालाला हात पुसले, तिच्या खांद्यावर एकदा थोपटलं आणि टेपचं यंत्र गाडीत ठेवायला निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं विबेकेला वाटून गेलं.

दुपारी उजेडाची वाट बघत ती जुन्या जर्मन बंकरच्या आडोशाला बसली. युद्धातले ते काँक्रीटचे ठोकळे वर्षावर्षाला वाळूत थोडे थोडे खचत होते, पण वारा अडवायला अजून कामाचे होते. झग्यावर तिनं रिग्मोरचा कोट पांघरला होता. लांबवर आस्गर कालची पावलं पुसत होता. रिग्मोर कर्णा तपासत होती आणि उलट्या गाण्याचे तुकडे वाऱ्यावर येऊन जात होते. विबेकेनं डोळे मिटले.

चार दिवस उलटं ऐकून ऐकून तिच्या डोक्यात सगळंच उलटं फिरायला लागलं होतं. कॉफी कपातून किटलीत चढायची. धूर चिमणीत उतरून लाकूड होऊन बसायचा. आता डोळे मिटल्यावर आणखी मागे जाता यायला लागलं. दोन्ही रेकॉर्ड विरघळून टेप झाल्या, टेपेवरचे सूर आस्गरच्या वहीत परतले आणि वहीतली शाई पेनात गेली. सभागृहातल्या टाळ्या लोकांच्या तळहातांत मुरल्या, लोक उलटे चालत घरी गेले. आस्गर बुटका होत गेला. त्याचा फुटलेला आवाज पुन्हा सांधला आणि पातळ, मुलीसारखा झाला. पडलेले दात जागेवर येऊन बसले. बटाट्यांवर साली चढल्या, डब्यातला पाव लादीला जाऊन चिकटला, आणि दप्तर पाठीवर घेतलेला तो शाळेच्या फाटकातून मागे मागे तिच्यापर्यंत आला आणि त्यानं तिचा हात धरला.

मग आई गेल्याचं सांगणारा तो फोन वाजायचा बंद झाला. मग हॉस्पिटलचं दार उघडलं आणि निळा कोट घातलेली आई पाठमोरी बाहेर पडली, पाठीनंच बागेचं फाटक ढकलून घरात आली आणि कोट खुंटीला लावून ओट्याशी उभी राहिली. आस्गर जिन्याच्या पायरीवर बसून पाय हलवत होता. इथे थांबव, विबेके मनात म्हणाली. इथेच टेप थांबव.

पण टेप थांबत नव्हती. आस्गर पायरीवरून उतरून रांगायला लागला, मग पाळण्यात गेला, मग आईच्या पोटात, आणि मग कुठेच नव्हता. अंगणात सात वर्षांची विबेके एकटी उभी होती, दोरीवर उड्या मारत, आणि तिला कुणाची वाटही बघायची नव्हती, कारण कुणी येणार आहे हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

तिनं डोळे उघडले. समुद्र नेहमीसारखा सरळ वाहत होता. कितीही मागे गेलं तरी शेवटी तो हातातून जातोच, हे तिला तेव्हा कळलं, आणि कळून बरं वाटलं असं मुळीच नाही. तिला रडू आलं. ती थोडं रडली आणि मेकअप बिघडला म्हणून उफेची बोलणी खाल्ली.

साडेतीनला उजेड हवा तसा तिरपा झाला. आस्गर पिशवी घेऊन दारापाशी आला. तीन दिवस त्याच्या हातात उफेनं दिलेली नाटकातली रिकामी सूटकेस होती. आज त्यानं स्वतःची कापडी पिशवी आणली होती, फुगलेली, आणि तिच्या वजनानं त्याचा एक खांदा खाली गेला होता.

"हे बघा," उफे शिडीवरून ओरडला, "याला म्हणतात वजन. दूरच्या प्रवासातून आलेला माणूस वाटतोय आता. पहिल्या दिवशी कुठे होती रे ही?"

"भरायची होती अजून," आस्गर म्हणाला.

पंखा सुरू झाला. चौकटीला बांधलेला पडदा उडायला लागला. रिग्मोरनं विबेकेच्या अंगावरचा कोट काढून घेतला आणि यंत्रापाशी जाऊन बसली. दोघं दारासमोर एकमेकांना मिठी मारून उभे राहिले, तोंडं एकमेकांच्या खांद्यावर. टेप सुरू होईपर्यंत असंच हलायचं नाही, असा उफेचा नियम होता. तो कॅमेऱ्यावाल्याशी काहीतरी बोलत होता आणि ते लांबत चाललं होतं.

"विबेके," आस्गर तिच्या कानाशी म्हणाला.

"हं."

"चुकायचं असलं तर चूक. मी दाताळं घेऊन येतो परत."

"कधी कळलं तुला?"

"सोमवारीच. धृपदात तू चुकशील? धृपद तू झोपेत गातेस. उलटं, सुलटं, कसंही."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू म्हणालीस, आणखी एकदा घेऊ," तो म्हणाला. "मग घेतलं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच राहिला असता. जहाज गेलं असतं, शाळेनं दुसरा मास्तर शोधला असता, आणि हा दर दुपारी शीळ घालत आपली पावलं पुसत आला असता, उद्या, परवा, पुढच्या वर्षी. तिच्या शब्दाबाहेर जायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं काम तिचं होतं.

"टेप," उफे ओरडला.

कर्ण्यातून ती कुठल्याच देशाची नसलेली भाषा सुरू झाली. विबेकेनं मान वर केली. या जागी चेहरा आनंदानं उजळलेला हवा होता आणि तो तिनं तसा केला. अख्ख्या चार दिवसांत एवढं अवघड काही तिनं केलं नव्हतं. आस्गरनं हात सोडले. एक पाऊल मागे, मग दुसरं. त्याची नजर तिच्यावर होती आणि पिशवी त्याच्या गुडघ्याला लागत होती.

त्यानंतर चेहऱ्याला काही सांगावं लागलं नाही. हसू हळूहळू उतरायला हवं होतं, ते उतरत गेलं. ओठ आपलं काम करत होते. बुधवारची जागा आली आणि गेली. मंगळवारची जागा आली. तिथे एक शब्द असा होता की जीभ नुसती थोडी सैल सोडली असती तरी पुरलं असतं. तिनं तो स्वच्छ उच्चारला. आस्गर मागे मागे जात होता, आणि त्यानं टाकलेल्या पावलांची टोकं सगळी तिच्याकडे होती. उजेड त्याच्या अंगावरून वाळूवर सांडत होता. लाटांचा आवाज, उलटं गाणं आणि पंख्याची घरघर एकमेकांत मिसळून गेली आणि थोडा वेळ विबेकेला खरंच कळेना, की तो जातोय की येतोय.

सोमवारी तो टेकाड चढताना गवतात पाय अडकून आपटला होता. आज घसरला नाही. उलटा चालत वर पोचला, कमरेपर्यंत दिसला, खांद्यापर्यंत दिसला. मग नुसते केस, मग गवत.

गाण्याचं अजून पाऊण मिनिट राहिलं होतं. पडद्यावर ही सुरुवात असणार होती, एकटी बाई आणि रिकामा किनारा. विबेके उलट्या पावलांनी दारातून आत गेली, जरी तिथे आत असं काही नव्हतं, आणि दार लोटून त्याच्या फटीत उभी राहिली. सोमवारचं धृपद शेवटचं आलं. झोपेत यायचं तसं आलं. टेपचा शेवटचा शब्द म्हणजे गाण्याचा पहिला. तो तिनं ओठांवर धरला आणि सोडून दिला.

"कट," उफे म्हणाला. तो ओरडला नाही. शिडीवरून सावकाश उतरून वाळूतून तिच्याकडे आला. त्याचे डोळे ओले होते, आणि साबणाच्या जाहिराती करणाऱ्या माणसाला ते शोभत नव्हतं.

"बाई, बाई," तो म्हणाला. "काय येतोय तो. लोक टीव्हीसमोर रडतील बघ. काय भेट आहे." मग त्यानं घड्याळ बघितलं. "चार वाजताहेत, वीस मिनिटं उजेड आहे, रीळही एक शिल्लक आहे. आणखी एक घेऊन टाकू, जपून ठेवायला."

ही त्या धंद्याची रीत होती. घेतलेलं चांगलं झालं की आणखी एक घ्यायचं, पहिलं धुताना बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. त्याला नाही म्हणणारा कुणी अजून जन्माला आला नव्हता, आणि या किनाऱ्यावर तर चार दिवस आणखी एकदा म्हणणारी विबेकेच होती.

"आस्गर कुठे राहिला?" उफे टेकाडाकडे बघत म्हणाला. "मागे रस्त्यावर गेला वाटतं. हाक मार बघू त्याला. माझा आवाज नाही पोचणार, तुझा पोचेल."

पोचला असता. ती हाक विबेकेकडे तयार होती. मागच्या पायरीवर उभं राहून नावाचा शेवट लांबवत मारायची, जेवायला, अभ्यासाला, झोपायला, तालमीला. सतरा वर्षांत त्या हाकेला तो आला नाही असं एकदाही झालं नव्हतं. बसला अजून पंधरा मिनिटं होती. ती हाक तिच्या घशाशी आली. रिग्मोर टेप गुंडाळत होती आणि हातातल्या चकतीखेरीज कुठेही बघत नव्हती.

"नको," विबेके म्हणाली.

"अगं, एकच जादा. बिघडलं तर..."

"नाही बिघडायचं. बरोबर झालंय." तिनं उफेच्या खांद्यावरून टेकाडाकडे बघितलं. "जाऊ दे त्याला."

आणि बस येऊन, थांबून, पुन्हा निघाल्याचा आवाज येईपर्यंत तिनं ओठ घट्ट मिटून ठेवले.